त्यातलं पाणी मी प्यायले नाही

मी एक जुना थर्मास आहे. माझ्या पत्र्यावरचा लाल रंग खपल्या धरून निघतोय, कडी एका बाजूनं निसटली आहे आणि बुचाच्या जागी कापडाचा बोळा कोंबलेला आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी एक उसासा सोडतात. मला उसासे जमत नाहीत, मित्रांनो. मला राग जमतो. तेव्हा कहाणी हवी असेल तर ती रागासकट ऐकावी लागेल.

जन्माचं थोडक्यात उरकतो. चीनमधल्या शीआन शहराजवळच्या एका कारखान्यात फुंकून फुगवलेल्या दोन काचेच्या बाटल्या एकीच्या पोटात दुसरी अशा बसवल्या, मधली हवा शोषून काढली, आत आरशासारखा मुलामा दिला आणि वर लाल पत्र्याचा अंगरखा चढवला. त्यावर दोन शुभशकुनी मॅगपाय पक्षी आणि ताटाएवढी फुलं. आमच्याकडे लग्नात नवरीला थर्मास देतात तो जोडीनं. आम्हीही दोघं भाऊ एका नवरीबरोबर होउ घराण्यात आलो. भाऊ पहिल्याच वर्षी अंगणात फुटला. मी सोळा वर्षं फळीवर बसून काढली. पाहुणे आले की माझ्यावरचं फडकं निघायचं, माझं कौतुक व्हायचं. पाहुणे वळणावरून दिसेनासे झाले की फडकं परत. कौतुकाची किंमत मला तेव्हाच कळली.

त्या नवरीला एक मुलगी झाली, श्याओमान. ती पंधरा वर्षांची झाली आणि बाजाराच्या गावातल्या मोठ्या शाळेत तिला प्रवेश मिळाला. घरापासून वीस किलोमीटर, म्हणजे वसतिगृहात राहायचं. आईनं माझ्यावरचं फडकं काढलं ते कायमचंच. आठवड्याचे वाफवलेले पाव, मिरचीच्या तेलाची बरणी आणि मी, एवढ्या सामानानिशी श्याओमान शाळेत आली.

त्या शाळेत पिण्याचं पाणी एकाच ठिकाणी मिळायचं: बंबघरात. सकाळ, दुपार, संध्याकाळ गुओ काका कोळसा घालून भला मोठा बंब पेटवायचे आणि तीनशे थर्मास भिंतीच्या कडेनं रांग धरायचे. बंबघरापासून मुलींच्या खोलीपर्यंत दोनशे बारा पावलं. हिवाळ्यात त्यातली निम्मी बर्फावरून. म्हणून तिथं एक रीत होती. तू माझी जिवाभावाची वगैरे कुणी कुणाला म्हणत नसे. कोण कुणाचा थर्मास भरून आणतं एवढं बघायचं, त्यात सगळं कळायचं. दोन मुलींचं बिनसलं की आधी थर्मास वेगळे व्हायचे, अबोला मागाहून यायचा. मी रांगेत उभा राहून अख्ख्या शाळेची नाती सांगू शकलो असतो.

दांग यिनह्वा ही श्याओमानच्या वरच्या खाटेवरची मुलगी. तिच्या हातून दिवसाकाठी काहीतरी सांडल्याशिवाय सूर्य मावळत नसे. पहिल्या नोव्हेंबरात तिनं आपल्या गारठलेल्या थर्मासात एकदम उकळतं पाणी सोडलं. आधी थोडं कोमट पाणी आत फिरवावं लागतं हे तिला कुणी सांगितलंही असेल, पण तिनं ऐकलं असेल याची खात्री नाही. थर्मास फटकन फुटला. ती हातात नुसती कडी धरून उभी, भोवती काचा, आणि रांगेतल्या पोरी हसताहेत. श्याओमान तिच्याशी तोवर चार वाक्यंसुद्धा बोलली नव्हती. तिनं मला भरून घेतलं, यिनह्वाकडे बघितलं आणि म्हणाली, "चल सांडोबा. माझ्यात भागवू."

तेव्हापासून ते नाव पडलं. यिनह्वानंही उसनं ठेवलं नाही. श्याओमान प्रत्येक घोटाआधी फुंकर मारायची, म्हणून ती झाली 'आजीबाई'. माझ्यात पाच मग पाणी मावतं. दोन एकीचे, दोन दुसरीचे, आणि पाचवा पाय धुवायला, एक दिवसाआड. दुसरा थर्मास घ्यायचं नंतर कधी निघालंच नाही. श्याओमानकडे मग होता. यिनह्वा माझ्या टोपणातूनच प्यायची, आणि पिऊन झालं की ते उपडं घालायची. तीन वर्षं हे चाललं. माझ्या आयुष्यातली ती तीन वर्षं चांगली होती, हे मी रागातसुद्धा नाकारणार नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात श्याओमान दमायला लागली. दोनशे बारा पावलांत दोनदा टेकायची. पाव अर्धा खाऊन बाजूला सारायची आणि उरलेला यिनह्वा खायची. वर ऐकवायची की आजीबाईंचे दात पडले वाटतं. चेष्टा चालूच होती, पण माझी कडी मात्र आता तिच्याच हातात असे. त्या हिवाळ्यात यिनह्वानं एकटीनं सत्त्याहत्तर खेपा केल्या. मी मोजल्या. हे तिच्या बाजूनं लिहायलाच हवं, नाहीतर माझा राग खोटा ठरेल.

एप्रिलमध्ये विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्यांची तपासणी झाली. उपाशीपोटी रक्त काढलं, मग प्रत्येकाच्या हाती एक उकडलेलं अंडं. दहा दिवसांनी वर्गशिक्षक जिया सर कागद घेऊन वर्गात आले. पुन्हा तपासणीला कुणी जायचं ती नावं त्यांनी वाचली. एकच नाव होतं. नावापुढं कारण होतं, तेही त्यांनी वाचलं: हिपॅटायटिस बी, यकृताला सूज. जिया सर दुष्ट नव्हते. कागदावर जे असेल ते शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचायचं, एवढीच त्यांची नोकरीची समजूत होती. असल्या माणसांनी जगाचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं दुष्टांनीही केलं नसेल.

श्याओमान तालुक्याच्या गावच्या दवाखान्यात कधी जायचं हे विचारायला ऑफिसात थांबली. तेवढ्या वेळात बातमी खोलीवर पोचलीसुद्धा. तिची गादी गुंडाळून दाराबाहेर निघाली. बेसिन, मग, टॉवेल त्याच्यावर. रेक्टर फू बाई जंतुनाशकाची बादली घेऊन आल्या आणि टेबलावरच्या मला बघून थबकल्या. हा कुणाचा, असं त्यांनी विचारलं. मग यिनह्वाकडे वळून म्हणाल्या, की तुम्ही दोघी एकातलंच पिता असं ऐकलंय मी.

खोलीत यिनह्वा धरून सात मुली होत्या. दारात श्याओमान नुकतीच येऊन उभी राहिली होती.

यिनह्वा म्हणाली, "तो श्याओमानचा आहे. त्यातलं पाणी मी प्यायले नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

मित्रांनो, माझं टोपण त्या वेळी ओलं होतं. सकाळी तिनंच त्यातून पाणी पिऊन ते उपडं घातलं होतं. टेबलावर त्याच्या कडेचं गोल ओलं वर्तुळ होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. आणि बाकीच्या सहा जणींना ते वर्तुळ न बघताही ठाऊक होतं. तीन वर्षं त्या याच खोलीत झोपत होत्या. सहापैकी एकीनंही तोंड उघडलं नाही. खोटं एकीनं बोलायचं आणि सहांनी गिळायचं, म्हणजे ते किती चटकन खरं होतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. फू बाईंनी मान हलवली, माझ्या पोटाभोवती दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळली आणि पेनानं लिहिलं: होउ श्याओमान. हात लावू नये.

श्याओमान काही बोलली नाही. आत आली, मला उचललं, आणि गेली.

दवाखान्यात संसर्गाचा विभाग मागच्या अंगाला, एकटा, बैठ्या इमारतीत होता. तोवर श्याओमानचे डोळे हळदीसारखे झाले होते. शेजारच्या खाटेवर एक बाई होती, पोट पाण्यानं टम्म फुगलेलं. पाचव्या दिवशी तिला फळीवर घालून घरी नेलं आणि झाडूवाल्यानं तिची गादी उभी करून उन्हात ठेवली. आजार किती गंभीर आहे हे श्याओमानला कुणी सांगायची गरज उरली नाही. ती त्या गादीकडे दुपारभर बघत राहिली.

डॉक्टर शांग नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई तिथं होत्या. त्या भरभर आणि उघड बोलायच्या. हा आजार रक्तातून जातो, आईकडून जन्मताना बाळाला जातो. ताटातून, पाण्यातून, शेजारी झोपल्यानं जात नाही, असं त्यांनी श्याओमानला आणि गावाहून आलेल्या तिच्या आईला बसवून सांगितलं. मग आईचंही रक्त तपासलं. तिच्यातही तेच निघालं. कधी जाणवलं नव्हतं एवढंच.

त्या संध्याकाळी आईनं आपला वाडगा आणि चॉपस्टिक्स उचलून दाराबाहेर नेऊन ठेवल्या आणि उंबऱ्यापलीकडे उकिडवी बसून जेवायला लागली. श्याओमानला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा आवाज फुटला. "आई, आत ये आधी. तुझ्याकडून मला जे यायचं ते जन्मतानाच आलंय. आता वाडगा बाहेर ठेवून काय अंगण वाचवतेस?" आई हसली की रडली ते मला कळलं नाही. तिचं तिलाही कळलं नसावं. पण ती आत आली, आणि माझ्यातलं पाणी तिनं दोघींच्या वाडग्यांत ओतलं.

दोन दिवसांनी श्याओमाननं डॉक्टरीणबाईंना विचारलं, की माझी एक मैत्रीण माझ्याबरोबर तीन वर्षं एका टोपणातून प्यायली आहे, तिला काही होईल का. बाईंनी उलट विचारलं, की तिचं रक्त शाळेत तपासलं असेल ना, काय निघालं? काही नाही निघालं, श्याओमान म्हणाली. तशा डॉक्टर शांग हसल्या. "मग झालं की. मी तुला चिठ्ठी देते, पण ती मुलगी माझ्या चिठ्ठीपेक्षा मोठी चिठ्ठी आहे. तिला उभी कर आणि म्हणावं, बघा."

श्याओमाननं मान फिरवली. बाईंना काय माहीत, ती चिठ्ठी आधीच फाटली होती.

साडेतीन आठवड्यांनी सूज उतरली. काही अभ्यासक्रमांची दारं बंद राहतील, पण परीक्षेला बसायला हरकत नाही, असा दाखला मिळाला. शाळेनं तिला वर्गात घेतलं, शेवटच्या बाकावर, एकटीला. वसतिगृहात घेतलं नाही. गुओ काकूंनी बंबघरामागच्या आपल्या खोलीत विटांच्या उबदार ओट्यावर तिला जागा दिली. मी परत रांगेत आलो आणि रांग माझ्या दोन्ही बाजूंनी सरकली. मागे पुढे तीन-तीन हात मोकळे. ज्यांच्या हातून मी कितीदा भरला गेलो होतो, त्या मुली आता नळाखाली आपला थर्मास धरण्याआधी नळाची तोटी फडक्यानं पुसायच्या. गुओ काका शांतपणे बघत होते. चौथ्या दिवशी त्यांनी फावडं आपटलं. पाणी उकळण्यात माझी हयात गेली, म्हणाले; ज्यांना उकळत्या पाण्याची भीती वाटते त्यांनी खुशाल तळ्यावर जावं, तिथं म्हशी कुणाला नाही म्हणत नाहीत.

यिनह्वानं तोवर गुलाबी प्लॅस्टिकचा नवा थर्मास आणला होता. रांगेत तो लांबूनच दिसायचा. एका दुपारी श्याओमान सरळ तिच्याकडे गेली. रडारड नाही, जाब नाही. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेवढं तिनं सांगितलं आणि म्हणाली, की मला तुझं माफी मागणं नकोय, एक वाक्य हवंय. जिया सरांसमोर, सगळ्यांसमोर. प्यायले म्हणून सांग.

यिनह्वा गुलाबी थर्मासाकडे बघत म्हणाली, "परीक्षेनंतर सांगते. आत्ता सांगितलं तर मलाही बाहेर काढतील."

"परीक्षेनंतर मी त्याचं काय करू? लोणचं घालू?"

यिनह्वा आपला थर्मास उचलून रांगेतून निघून गेली. पण दुसऱ्या दिवसापासून एक नवीनच प्रकार सुरू झाला. वर्ग भरण्याआधी, आजूबाजूला कुणी नसताना, ती मला भरून गुओ काकांच्या दाराशी ठेवायची. कधी शेजारी उकडलेलं अंडं. कधी बुडालेल्या धड्यांच्या वह्या, सुबक अक्षरात उतरवलेल्या. मला भरताना तिचा हात माझ्या चिकटपट्टीवरून फिरायचा आणि लगेच ती इकडेतिकडे बघायची. मला कसला संताप यायचा म्हणून सांगू. जी सत्त्याहत्तर वेळा मला उघड्या अंगणातून मिरवत घेऊन गेली होती, ती आता चोरासारखी येत होती. आणि चोरून केलेल्या चांगुलपणाचं तिला समाधानही वाटत असणार, हे त्याहून वाईट. श्याओमान ते पाणी राखेच्या ढिगावर ओतून द्यायची. रागाला थंड पाणी वापर, माझा कोळसा फुकट घालवू नकोस, असं गुओ काका करवादायचे. अंडी ती काकूंना द्यायची. वह्या मात्र ठेवून घेतल्या. राग आपल्या जागी आणि गणित आपल्या जागी.

परीक्षा तालुक्याच्या गावी असायची, साठ किलोमीटरवर. शाळा बस करायची आणि तिथल्या अतिथिगृहात चार-चार जणांना एक खोली द्यायची. त्या बसशिवाय सकाळच्या पेपराला पोचायचा दुसरा मार्ग नव्हता. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पालकांना बोलावलं. पालक वर्गात मागे भिंतीला टेकून उभे, मुलं बाकांवर. जिया सरांनी बसची यादी वाचली: सेहेचाळीस नावं. वर्गात मुलं होती सत्तेचाळीस.

मी शेवटच्या बाकावर होतो, श्याओमानच्या गोळ्यांसाठी आणलेला. ती उठून उभी राहिली आणि आपलं नाव नाही म्हणाली. जिया सर घुटमळले. काही पालकांची विनंती आहे, तू तुझी सोय बघ, असं खाली बघत बोलले. श्याओमाननं पुढं जाऊन डॉक्टर शांग यांची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी मोठ्यानं वाचली, नेहमीप्रमाणे शेवटच्या ओळीपर्यंत, सहीसकट. मग भिंतीपाशी उभे असलेले एक वडील म्हणाले, "डॉक्टरांचं काय जातंय लिहायला. हिच्या शेजारी झोपायचं आमच्या पोरींना आहे." दोन-तीन जण हं हं म्हणाले. श्याओमानची आई तिथं नव्हती. तिच्या गावाहून सकाळची गाडी यायला अजून तास होता.

तीन वर्षांचा अभ्यास, गुओ काकूंच्या ओट्यावर दिव्याखाली पाठ केलेले धडे, यकृताशी भांडून मिळवलेला दाखला, सगळं त्या हं हं मध्ये संपत होतं. श्याओमान आपल्या बाकाकडे परत आली. येताना यिनह्वाच्या बाकापाशी थांबली नाही. तिच्याकडे बघितलं मात्र. त्या बघण्यात विनवणी असती तर मला चाललं असतं. नव्हती. त्यात नुसती नोंद होती: तू इथं आहेस, आणि तुला माहीत आहे.

मी यिनह्वाचे श्वास मोजले. अकरा. बाराव्याला ती उभी राहिली.

"मी प्यायले आहे."

जिया सरांना कळलं नाही. काय प्यायलीस, त्यांनी विचारलं.

"त्या थर्मासातलं पाणी. तीन वर्षं. मगातून नाही, टोपणातून. तिचे अर्धे राहिलेले पाव खाल्ले. थंडीत तिच्या रजईत झोपले. रेक्टरबाईंना मी खोटं सांगितलं." तिचा आवाज फाटला होता, पण ती थांबेना. "माझ्या रक्ताचा कागद तुमच्याकडंच आहे ना सर? वाचा. एवढं सगळं वाचता, तेही वाचा."

वर्गात कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. जिया सर लाल झाले. त्यांनी कपाटातून फाइल काढली, बोट फिरवत खाली गेले आणि वाचलं. दांग यिनह्वा: दोष आढळला नाही. ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जरा हळू, जणू पहिल्यांदाच एखाद्या कागदाचा अर्थ त्यांच्या ध्यानात येत होता.

टाळ्या वगैरे वाजल्या नाहीत, मित्रांनो. तुम्ही गोष्टीत तसं वाचलं असेल. इथं यिनह्वाची आई भिंतीकडून पुढं आली आणि तिला दंडाला धरून खाली बसवत दबक्या आवाजात म्हणाली, "उद्यापासून तुझ्याशी कोण बोलणार आहे?" शेजारच्या मुलीनं आपली पेटी बाकाच्या टोकाला ओढून घेतली. ते मघाचे वडील खिडकीबाहेर बघू लागले. त्यांना आता काही म्हणायचं नव्हतं, पण चुकलो असंही म्हणायचं नव्हतं. जिया सरांनी पेन झटकलं आणि यादीच्या खाली सत्तेचाळिसावं नाव लिहिलं. ते लिहिताना त्यांनी कुणाची परवानगी विचारली नाही. एवढं त्यांच्याही बाजूनं लिहून ठेवतो.

जुलैत बस निघाली. श्याओमान मागच्या सीटवर खिडकीशी बसली, मी तिच्या पायांत. यिनह्वा शेजारी येऊन बसली, कारण तिच्या शेजारीही कुणी बसेना. त्यांच्या पुढच्या दोन रांगा रिकाम्या, आणि पुढं पोरं दाटीवाटीनं. अतिथिगृहातही दोघींना मिळून चार खाटांची खोली आली. भीतीचा तेवढा एक फायदा.

बसमध्ये जवळजवळ दोन तास श्याओमान खिडकीतून बघत राहिली. बाहेर गहू कापून झालेली शेतं होती. मग खिडकीतून नजर न काढता ती म्हणाली, "उशीर केलास."

"हो."

"अठ्ठावन्न दिवस."

यिनह्वानं विचारलं, "मोजलेस?"

"तूच मोजायचे होतेस."

यिनह्वानं मान खाली घातली. श्याओमाननं तिला समजावलं नाही. माझं बूच काढलं, मगात पाणी ओतलं, फुंकर मारली आणि गोळी घेतली. टोपण तिनं यिनह्वापुढं केलं नाही, परत माझ्यावर बसवलं.

आता सगळ्याला पुष्कळ वर्षं झाली. त्या परीक्षेत दोघीही उत्तीर्ण झाल्या. श्याओमान जमिनीची मोजणी शिकली आणि आजही तेच काम करते. वर्षातून दोनदा तिचं यकृत तपासतात, ते बरं आहे. तिला मुलगी झाली त्याच दिवशी बाळाला लस टोचली; त्या मुलीचं रक्त स्वच्छ आहे. यिनह्वा वसंताच्या सणाला, आमच्या नव्या वर्षाला, येते, दोन दिवस राहते, अजून सांडते. त्या मैत्रिणी आहेत का? आहेत. श्याओमाननं तिला माफ केलं का, हे मला विचारू नका; तिनं मला ते कधी सांगितलं नाही. यिनह्वानंही कधी विचारलं नाही. ती निदान शहाणपणा शिकली.

माझं म्हणाल तर यिनह्वावरचा माझा राग वर्षागणिक कमी होतो. तिनं खोटं बोलून दाखवलं, मग सगळ्यांदेखत ते परत घेतलं, आणि त्याचं जे काही व्हायचं ते सोसलं. पण त्या खोलीतल्या सहा जणी मला अजून आठवतात. त्यांनी टेबलावरचं ओलं वर्तुळ बघितलं आणि ओठ मिटून घेतले. त्या बोलल्याच नव्हत्या, त्यामुळे त्यांना परत घ्यायला काहीच नव्हतं. त्या अगदी स्वच्छ मनानं परीक्षेला गेल्या, स्वच्छ मनानं म्हाताऱ्या होतील, आणि आपल्या हातून काही वाईट घडलं हे त्यांच्या कधी गावीही नसेल. माझा सगळा राग आता त्यांच्यावर आहे. त्यांच्यासारखे फार असतात म्हणून आहे.

जुन्या वस्तूनं शेवटी हात जोडून म्हणायचं असतं, की मला जपा, मला टाकू नका. मी म्हणणार नाही. मी पत्रा आणि काच आहे. फुटलो तर दुकानात माझ्यासारखे शंभर आहेत. माझं मागणं दुसरं आहे. उद्या तुमच्या वर्गातल्या कुणाचं नाव कागदावरून वाचलं जाईल. त्याचं सामान दाराबाहेर निघेल. कुणीतरी बादली घेऊन येईल आणि तुम्हाला विचारेल, की तू याच्याबरोबर जेवत होतास का, पीत होतीस का. तेव्हा हो म्हणा. कुणी तुम्हाला विचारलं नाही तरी पुढं होऊन म्हणा, कारण सहा जणींना कुणी विचारलंच नव्हतं. आणि त्याच दिवशी म्हणा. अठ्ठावन्नाव्या दिवशी म्हटलेलंसुद्धा कामाला येतं, मी बघितलंय. पण मधले सत्तावन्न दिवस ते माणूस एकटं काढतं, आणि ते त्याला कुणीही परत आणून देऊ शकत नाही.